निळी तार : राउटरच्या कन्सोलची कहाणी

४ ऑक्टोबर २०२१, सोमवार. भारतात रात्रीचे नऊ वाजून गेले होते. व्हॉट्सॲपवर लिहिलेल्या निरोपाखाली घड्याळाचे लहानसे चिन्ह उमटले आणि ते काही केल्या हलेना. इन्स्टाग्राम उघडेना, फेसबुकही उघडेना. कित्येक घरांत पहिला संशय घेतला गेला तो कोपऱ्यातल्या राउटरवर. त्याला बंद करून पुन्हा चालू करण्यात आले. दोष तिथे नव्हताच.

फेसबुकने पुढे दिलेला खुलासा वाचण्यासारखा आहे. नेहमीच्या देखभालीत, डेटा सेंटरांना जोडणाऱ्या मुख्य जाळ्याची क्षमता तपासण्यासाठी एक आज्ञा देण्यात आली. तिने त्या जाळ्याचे सगळे दुवे एकदम तोडले. अशा घातक आज्ञा अडवण्यासाठी एक तपासणी-व्यवस्था होती. नेमका तिच्यातच दोष निघाला. डेटा सेंटरांशी संपर्क तुटल्याचे पाहून, नावांवरून पत्ते सांगणाऱ्या यंत्रांनी आपले स्वतःचे मार्गही इंटरनेटवरून मागे घेतले. अशा प्रसंगासाठी राखलेली वेगळी वाट, जिला अभियंते ‘आउट ऑफ बँड’ म्हणतात, तीही बंद पडली होती. शेवटी माणसांना प्रत्यक्ष त्या इमारतींत पाठवावे लागले. इमारती अशा बांधलेल्या, की आत शिरणेच कठीण. आणि आतली यंत्रे अशी घडवलेली, की हात लागला तरी त्यांत बदल करणे सोपे जाऊ नये. सगळे पूर्ववत व्हायला सुमारे सहा तास लागले.

राउटर हे वाहतूक वळवणारे यंत्र. गंमत अशी, की त्याला आज्ञा दिल्या जातात त्या बहुधा त्याच रस्त्यावरून, ज्याची वाहतूक ते वळवत असते. चुकीची आज्ञा दिली, तर ती मागे घेण्याचा रस्ताही तीच आज्ञा बंद करून टाकते. बसलेली फांदी तोडण्याची सोय अशी यंत्राच्या रचनेतच आहे.

म्हणून जवळजवळ प्रत्येक व्यावसायिक राउटरवर एक जास्तीची खोबण असते. तिच्याशेजारी ‘कन्सोल’ असे लिहिलेले असते. तिच्यातून वाहतूक जात नाही. तिला पत्ता लागत नाही, मार्ग ठरवावा लागत नाही. जाणारी एक तार, येणारी एक तार आणि दोघींना समाईक अशी तिसरी; एवढ्यावर काम भागते. अक्षरे एकामागून एक, बिटांच्या रांगेने जातात, म्हणून तिला सिरियल म्हणायचे. बाकी सारे जाळे कोसळले तरी ही वाट उघडी राहते, कारण ती कशावरच अवलंबून नसते. मात्र तिची एक अट आहे : माणूस यंत्रापुढे येऊन उभा राहिला पाहिजे.

ही वाट राउटरपेक्षा फार जुनी आहे.

फ्रान्सच्या तारखात्यातील एमिल बोदो याने १८७४ साली आपल्या तारायंत्राचे पेटंट घेतले. मोर्सच्या लिपीत एक अक्षर आखूड तर दुसरे लांब. माणसाच्या कानाला ते चालते, पण यंत्राला ती अनियमितता जाचते. बोदोने प्रत्येक अक्षराला सारखीच पाच चिन्हे दिली. आज सिरियल तारेचा वेग ज्या ‘बॉड’मध्ये मोजतात, ते बोदोचेच नाव.

तरी एक अडचण उरली होती. तारेच्या दोन्ही टोकांची यंत्रे एकाच तालावर फिरली पाहिजेत. किंचित मागेपुढे झाले, की अक्षरांचा गोंधळ. तो सोडवला शिकागोच्या मॉर्क्रम कंपनीतील हॉवर्ड क्रम याने, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. त्याची युक्ती इतकी साधी, की आज ती युक्ती वाटतच नाही. प्रत्येक अक्षराआधी ‘आता सुरू’ अशी एक खूण आणि अक्षर संपल्यावर ‘आता थांबा’ अशी दुसरी. ताल फक्त एका अक्षरापुरता जुळला की पुरे. स्टार्ट बिट आणि स्टॉप बिट या नावांनी हीच जोडी आजच्या राउटरांतही नांदते आहे. फिरता लोखंडी दांडा थांबायला जो क्षणभर वेळ लागे, तो वेळ आज कोणताही दांडा न फिरवणारी सिलिकॉनची चिपही इमानाने पाळते.

१९६३ साली टेलिटाइप कंपनीचे मॉडेल ३३ बाजारात आले. अस्की ही अक्षरसंहिताही त्याच वर्षीची. हे खडखडणारे यंत्र सेकंदाला दहा अक्षरे छापी. प्रत्येक अक्षरामागे आरंभ, विराम वगैरे धरून ११ बिट, म्हणून वेग ११० बॉड. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचे सुरुवातीचे काम अशाच यंत्रांवर केले. युनिक्समध्ये टर्मिनलला आजही ‘टीटीवाय’ म्हणतात, ते टेलिटाइपचे संक्षिप्त रूप. दरम्यान, १९६० साली अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने आरएस-२३२ हे मानक ठरवले. त्याची १९६९ची सुधारित आवृत्ती सर्वाधिक रुजली. घेणाऱ्या टोकाला उणे ३ ते उणे १५ व्होल्ट मिळाले की ‘एक’, अधिक ३ ते अधिक १५ मिळाले की ‘शून्य’. हे आकडे ध्यानात ठेवावेत. पन्नास वर्षांनी ते एका चिपच्या जिवावर उठणार आहेत.

पहिला राउटर कोणता, असे विचारले तर उत्तर बहुधा ‘आयएमपी’ असे येते. केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या बीबीएन कंपनीने हनीवेलच्या डीडीपी-५१६ या संगणकापासून ते तयार केले. सुमारे ४०० किलो वजनाची ती मजबूत पोलादी पेटी १९६९च्या ऑगस्टअखेरीस लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पोचली. तिची मुख्य स्मृती १६ बिटांच्या १२ हजार शब्दांची. म्हणजे आजच्या मापाने जेमतेम २४ किलोबाइट. आणि तिच्यासोबत काय होते? एक मॉडेल ३३ टेलिटाइप. जगातल्या अगदी सुरुवातीच्या पॅकेट-जाळ्यांपैकी एक उभे राहत असताना त्याच्या यंत्रांशी बोलायला ठेवलेले साधन त्या जाळ्याबाहेरचे होते.

२९ ऑक्टोबर १९६९ची रात्र इतिहासाच्या पुस्तकांत आली आहे. चार्ली क्लाइन लॉस एंजेलिसहून ‘लॉगिन’ हा शब्द टंकू लागला. ‘एल’ गेला, ‘ओ’ गेला आणि पलीकडचा संगणक कोसळला. ही गोष्ट सगळे सांगतात. पण अक्षरे पोचली हे त्याला कळले कसे? स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतला बिल डुव्हॉल त्या वेळी फोनवर होता. नवे जाळे चालते की नाही, याची खातरजमा जुन्या टेलिफोनच्या तारेवरून होत होती. ‘आउट ऑफ बँड’ हे नाव रूढ असो वा नसो, ती गरज पहिल्याच रात्री हजर होती.

लेनर्ड बोसॅक आणि सँडी लर्नर यांनी १९८४ साली सिस्को स्थापन केली आणि राउटर ही विकत मिळणारी वस्तू झाली. सिस्कोच्या कन्सोलचे रूप नेटवर्क शिकणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याच्या ओळखीचे : फिकट निळी, चपटी तार. एका टोकाला आठ पिनांची आरजे-४५, दुसऱ्या टोकाला संगणकाची नऊ पिनांची सिरियल खोबण. तारेतल्या आठही पिनांचा क्रम उलटा केलेला. पहिलीला आठवी, दुसरीला सातवी. वेग ९६०० बॉड, अक्षराला आठ बिट, पॅरिटी नाही, विरामाचा एक बिट. डीईसी कंपनीचे १९७८चे व्हीटी-१०० टर्मिनल ज्या वेगाने आरामात बोले, तोच हा वेग. यंत्रे अब्जावधी बिट वळवू लागली, पण त्यांच्याशी बोलण्याचा मूळ वेग सेकंदाला ९६० अक्षरांवरच राहिला. वाचणारा माणूस असेल तर तेवढा पुरतोही.

या निळ्या तारेला एक असाधारण अधिकार आहे. राउटरचा पासवर्ड विसरला तर? यंत्र बंद करून चालू करायचे, पहिल्या मिनिटाच्या आत तारेवरून ‘ब्रेक’ हा संकेत द्यायचा. राउटर आपली नेहमीची प्रणाली सुरू न करता एका प्राथमिक अवस्थेत थांबतो. तिथे एका नोंदीत २१०२च्या जागी २१४२ हा आकडा भरायचा. पुन्हा चालू झाल्यावर राउटर साठवलेली मांडणी वाचतच नाही, आणि त्या मांडणीतला पासवर्डही विचारत नाही. ही सिस्कोने स्वतः प्रसिद्ध केलेली कृती आहे. तिच्यामागचे गृहीत असे, की जो माणूस यंत्राच्या वीजेच्या बटणापर्यंत आणि कन्सोलपर्यंत पोचला, तो मालकच असणार. अन्यथा त्याला खोलीत येऊ दिलेच कुणी? कन्सोल ओळखपत्र पाहत नाही. ते काम तिने खोलीच्या कुलपावर सोपवले आहे.

तार मात्र आखूड होती. आरएस-२३२च्या मानकाला अपेक्षित लांबी ५० फूट, फार तर १५ मीटर. राउटर दुसऱ्या गावी असेल तर रात्री दोन वाजता तिथवर जायचे कसे? ती लांबवण्याचे प्रयत्न मग सुरू झाले, आणि या कहाणीचा खरा रस त्यातच आहे. कारण तार जितकी लांब, तितके तिचे मूळचे निरालंबीपण कमी.

पहिला उपाय मॉडेमचा. राउटरच्या एका सहायक सिरियल खोबणीला मॉडेम जोडायचा, मॉडेमला टेलिफोन. जाळे पडले की दुरून त्या क्रमांकावर फोन लावायचा. फोनवरून टर्मिनल चालवणे म्हणजे काय, हे भारतातल्या एका पिढीने वेगळ्या निमित्ताने अनुभवले आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा स्वस्तातले खाते ‘शेल’ खाते असे. मुंबईतला विद्यार्थी मॉडेमने फोन लावी आणि त्याचा संगणक दूरच्या यंत्राचे निव्वळ टर्मिनल बने. चित्रे नाहीत, नुसती अक्षरे. मॉडेमशी बोलण्याची भाषाही तेव्हा ठरून गेली होती. हेज कंपनीच्या १९८१च्या स्मार्टमॉडेमने ती रूढ केली : प्रत्येक आज्ञेच्या आरंभी ‘एटी’ ही दोन अक्षरे, म्हणजे ‘अटेन्शन’, लक्ष द्या. हे ‘एटी’ पुढे एका अनपेक्षित ठिकाणी भेटणार आहे.

दुसरा उपाय टर्मिनल सर्व्हरचा : एकच पेटी, तिच्यातून निघालेल्या अनेक सिरियल तारा, प्रत्येक तार एका यंत्राच्या कन्सोलला. मोठ्या संस्थांत हीच पद्धत स्थिरावली. तिनेही आपली किंमत वसूल केली. सन कंपनीच्या स्पार्क संगणकांना कन्सोलवर ‘ब्रेक’ मिळाला की ते होते तिथे थांबत आणि पुढच्या हुकुमाची वाट पाहत बसत. काही टर्मिनल सर्व्हर बंद-चालू होताना तारेवर नेमका तसाच संकेत सोडत. परिणाम असा, की राखणदार पेटी क्षणभर डोळे मिटे आणि तिच्या देखरेखीखालचे सगळे संगणक एकदम ठप्प होत. सनला पुढे ‘ब्रेक’साठी वेगळी, चुकून न उमटणारी अक्षरमालिका द्यावी लागली.

नव्या शतकात लॅपटॉपवरून नऊ पिनांची खोबण हळूहळू नाहीशी झाली. यूएसबीतून सिरियल देणाऱ्या तारा आल्या आणि त्यांतल्या चिपांच्या नकलाही आल्या. २०१४च्या ऑक्टोबरमध्ये एफटीडीआय कंपनीचा एक नवा ड्रायव्हर विंडोजच्या अद्ययावतीकरणातून लोकांच्या संगणकांत शिरला आणि नकली चिप दिसली की तिची ओळखसंख्या शून्य करू लागला. काल चालणारी तार आज मुकी. ओरड झाली, ड्रायव्हर मागे घेतला गेला. तार बनावट आहे हे वापरणाऱ्याला ठाऊकही नसे. शिक्षा मात्र त्याला.

त्याच वर्षी, दोनच महिने आधी, एका चिनी चिपकडे जगभरच्या हौशी तंत्रज्ञांचे लक्ष गेले होते. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी ८२६६. तिचे टपाल तिकिटाएवढे मॉड्यूल, ईएसपी-०१, सुमारे पाच डॉलरना मिळे. सुरुवातीची कागदपत्रे चिनी भाषेत. हौशी मंडळींनी मिळून त्यांचे अर्थ लावले. चिपचा मूळ हेतू माफक होता. दुसऱ्या एखाद्या मायक्रोकंट्रोलरला सिरियल तारेने जोडले, की त्याला वाय-फाय मिळावे. आणि तिला आज्ञा कोणत्या भाषेत द्यायच्या? ‘एटी’. तेहतीस वर्षांपूर्वीच्या मॉडेमची तीच हाक, तेच ‘ओके’ असे उत्तर.

थोड्याच दिवसांत कळले, की ही चिप दुय्यम नाही, स्वतःच एक पुरता मायक्रोकंट्रोलर आहे. ८० मेगाहर्ट्झचा वेग, आणि मांडणीसाठी ८० किलोबाइटच्या आसपास स्मृती. ४०० किलोच्या आयएमपीच्या तिप्पट. ऑक्टोबर २०१४मध्ये कंपनीने तिच्यासाठी प्रोग्रॅम लिहिण्याची साधने खुली केली. मग नाते उलटे वळवण्याचा विचार अनेकांना सुचला. चिपला सिरियल तारेने वाय-फाय मिळवून देता येते, तर वाय-फायने सिरियल तार का मिळू नये? ‘ईएसपी-लिंक’सारखे मुक्त प्रकल्प यातूनच उभे राहिले. चिप राउटरच्या कन्सोलला जोडायची. लॅपटॉप किंवा फोन तिच्याशी वाय-फायने जोडायचा. एका बाजूने आलेले अक्षर तिने दुसऱ्या बाजूला द्यायचे. शीतगृहासारख्या गार सर्व्हर खोलीत, घोंघावणाऱ्या पंख्यांपुढे मांडीवर लॅपटॉप घेऊन बसण्याची गरज संपली.

मात्र चिप ३.३ व्होल्टची. तिच्या पिनेवर आरएस-२३२ची उणे-अधिक दहा-बारा व्होल्टांची तार थेट लावली, तर ती जळते. मध्ये पातळी बदलणारी मॅक्स-३२३२ यासारखी दुसरी चिप बसवावी लागते. घरगुती राउटरांच्या बाबतीत ही अडचण येत नाही. त्यांना बाहेर कन्सोलची खोबण नसते, पण झाकण उघडले की पाटीवर तीन-चार पिनांची जागा सापडते, बहुधा ३.३ व्होल्टचीच. कारखान्यातल्या तपासणीसाठी ठेवलेली ही जागा. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी-५४जी या राउटरची प्रणाली मुक्त झाल्यावर २००४ साली ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्प सुरू झाला. प्रणाली बदलताना मुके झालेले राउटर पुन्हा बोलते करायला याच पिना कामी येत.

इतके जमल्यावर जुनी भुते नव्या घरात शिरली. वीज मिळताच ईएसपी ८२६६ आपल्या सिरियल पिनेवर काही मजकूर सोडते, ७४,८८० बॉड अशा विचित्र वेगाने. तो आवरता येत नाही, कारण तो चिपमध्ये कायमचा कोरलेला आहे. आता अनेक घरगुती राउटर सुरू होताना दोन-तीन सेकंद थांबतात : ‘थांबवायचे असेल तर कोणतीही कळ दाबा.’ वीज गेली आणि आली, की चिप व राउटर एकाच क्षणी जागे होतात. चिपचा तो निरर्थक मजकूर राउटरला कळ दाबल्यासारखा भासतो. तो तिथेच थांबतो आणि कुणीतरी येऊन काही सांगेल म्हणून वाट पाहत राहतो. सनच्या संगणकांची जुनी व्यथा पाच डॉलरांत पुन्हा मिळाली. उपाय निघाला : सिरियल काम त्याच चिपच्या दुसऱ्या दोन पिनांवर हलवायचे, म्हणजे जन्माची बडबड राउटरच्या कानी पडत नाही.

दुसरी चूक याहून मोहक. चिपला वीज राउटरच्याच यूएसबी खोबणीतून द्यायची आणि तिला राउटरच्याच वाय-फायवर चढवायचे. सारे कसे नेटके दिसते, आणि राउटर निरोगी आहे तोवर उत्तम चालतेही. पण कन्सोल लागते ती राउटर आजारी पडल्यावर. तेव्हा त्याचे वाय-फाय नसते, म्हणून चिपही हाती लागत नाही. राउटर बंद-चालू केला तर चिपही त्याच्यासोबत पडते आणि जागी होऊन वाय-फाय जोडेपर्यंत ते मोलाचे दोन-तीन सेकंद निघून गेलेले असतात. ४ ऑक्टोबर २०२१च्या रात्री अवाढव्य प्रमाणात जे दिसले, त्याची ही घरगुती आवृत्ती. जाणती मंडळी म्हणून चिपला स्वतंत्र वीज देतात आणि तिचे स्वतःचे छोटे वाय-फाय उभारायला लावतात, राउटरशी फक्त त्या तीन तारांचे नाते ठेवून.

आणि मग प्रश्न येतो कुलपाचा. सिस्कोच्या कन्सोलला मूळ मांडणीत पासवर्ड नसतो; घरगुती राउटरच्या आतल्या पिना तर पुष्कळदा थेट सर्वाधिकार हाती देतात. खोली बंद होती तोवर हे खपून गेले. चिप बसवली, की कन्सोल खोलीच्या भिंतींबाहेर येते. साध्या प्रकल्पांत चिप आणि लॅपटॉप यांच्यातला संवाद टेलनेटने, म्हणजे उघड अक्षरांत चालतो. त्यावर पांघरूण असते ते फक्त वाय-फायच्या पासवर्डचे. तो कच्चा असला, तर शेजारच्या जिन्यात उभा असलेला माणूस राउटरच्या दृष्टीने यंत्रापुढेच उभा असतो. २०१६च्या ईएसपी ३२ या पुढच्या चिपमध्ये दोन गाभे आणि अधिक स्मृती आली, संवाद गुप्त ठेवणे तिला परवडते. तरी हौशी मांडण्यांत टेलनेट अजून दिसते, कारण ते दहा ओळींत लिहून होते. एवढ्याशा आळसासाठी सर्वाधिकाराचे दार किलकिले ठेवणे हा सौदा महागातला आहे.

निळी तार मात्र पिशवीतून गेलेली नाही. चिप आपल्याच वाय-फायचा पासवर्ड विसरते, किंवा चुकीचा प्रोग्रॅम भरल्याने गप्प होते, तेव्हा तिला सावरण्याची रीत ठरलेली आहे. यूएसबी-सिरियलची एक तार घ्यायची, चिपची एक ठरावीक पिन जमिनीला टेकवून वीज द्यायची, आणि जाणारी, येणारी व समाईक अशा तीन तारांवरून तिच्यात नवा प्रोग्रॅम चढवायचा. प्रत्येक बाइटाआधी एक स्टार्ट बिट, बाइटानंतर एक स्टॉप बिट.